सूत्रे आणि साधने

मराठी वृत्तपत्रांत 'सूत्र' या शब्दाची जी गत झाली आहे तिच्यावर एखाद्या कोशकाराने टिपण लिहायला हरकत नाही. ज्या शब्दाचा शास्त्रातला अर्थ 'थोड्या अक्षरांतले निःसंदिग्ध विधान' असा होता, त्याचा अर्थ आता 'ज्याचे नाव सांगता येत नाही असा माणूस' असा झाला आहे. निवडणुकीच्या दिवसांत तर 'सूत्रांनी सांगितले', 'राजकीय वर्तुळात चर्चा आहे' आणि 'जाणकारांचे मत आहे' या तीन वाक्यांच्या आधारावर पानेच्या पाने उभी राहतात. कोणी सांगितले, कोणाच्या वर्तुळात, कोण जाणकार, हे विचारायचे नसते. विचारलेच तर पत्रकारितेत सूत्राचे नाव गुप्त ठेवण्याचा धर्म असतो, असे उत्तर मिळते. तो धर्म मान्यच आहे. भ्रष्टाचार उघड करणाऱ्या कारकुनाचे नाव झाकलेच पाहिजे. पण अमुक नेता तमुकावर नाराज आहे, एवढे सांगणाऱ्याचे नाव झाकण्यात कोणता धर्म पाळला जातो?

या 'सूत्रां'च्या शेजारी मराठीने आणखी एक शब्द घडवला आहे, आणि तो आपल्या अभिमानाचा शब्द आहे: 'साधने'. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे तिचे बावीस खंड काढले. गावोगावच्या वाड्यांत, माळ्यांवर, पेटाऱ्यांत पडलेली दफ्तरे त्यांनी पायपीट करून मिळवली. त्यांचा आग्रह एवढाच होता की मराठ्यांविषयी बोलायचे तर आधी कागद दाखवावा. त्यांच्या निष्कर्षांपैकी कितीतरी आज कोणी मानत नाही. पण कागद दाखवण्याची जी सवय त्यांनी मराठी विद्वत्तेला लावली तिच्यावर आपण अजून जगतो आहोत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. राज्यातील निवडणूक प्रचाराविषयी मराठीत जे लिहिले जाते ते सूत्रांवर उभे आहे, कारण साधने कोठे आहेत हे लिहिणाऱ्याला कोणी शिकवलेले नाही, आणि जी साधने आहेत ती राखायला कोणी तयार नाही. याचा दोष एकट्या पत्रकारांचा नाही. संहिता कशी मिळवावी, पारखावी, तिचा कर्ता, काळ आणि स्थळ कसे ठरवावे, हे ज्या विद्याशाखेचे काम, ती मराठीची विद्याशाखा या कामाकडे पाठ करून बसली आहे. तिने ती पाठ फिरवावी, यासाठी हा लेख.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या सोयीचा नाही, हे एका जवळच्या उदाहरणावरून दिसेल. पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतची धायरी घ्या. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर ती खडकवासला विधानसभा मतदारसंघात आली. लोकसभेसाठी तिचे मत बारामतीत मोजले जाते. २०१७ साली जी अकरा गावे पुणे महापालिकेत गेली त्यांत धायरी होती. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही शेजारची गावे २०२१ च्या तेवीस गावांच्या यादीत होती. ग्रामपंचायती गेल्या, महापालिका आली, पण नळाला येणाऱ्या पाण्याचा प्रश्न तेथल्या तेथेच राहिला. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. त्यानंतर दोन महिने होतात न होतात तोच, जानेवारी २०२५ मध्ये, याच पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली शक्ती जाते, प्रसंगी श्वासासाठी यंत्र लावावे लागते, असा हा आजार. पुणे परिसरात रुग्णांची नोंद दोनशेच्या वर गेली, काही दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे वळले.

आता एखाद्या वार्ताहराने किंवा एम.ए.च्या विद्यार्थ्याने साधा प्रश्न विचारला: दोन महिन्यांपूर्वीच्या प्रचारात या गावांच्या पाण्याविषयी कोणत्या उमेदवाराने काय सांगितले होते? कोणी जलशुद्धीकरणाचे आश्वासन दिले होते, कोणी ते काम झाल्याचे छापले होते, आणि कोणी पाण्याचा उल्लेखही केला नव्हता? याचे उत्तर प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकात, घरोघर वाटलेल्या कार्यअहवालात, कोपरा सभेतल्या भाषणात आणि रिक्षावरून फिरणाऱ्या ध्वनिफितीत होते. पत्रके निकालाच्या आठवड्यात रद्दीवाल्याकडे गेली. फ्लेक्सचे कापड पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर अंथरायला गेले. भाषणे हवेत गेली. मग उरले काय? सूत्रे. आणि सूत्रे सांगतात ते त्या दिवशी सूत्रांच्या सोयीचे असते. ज्या मतदाराच्या घरात माणूस आजारी पडला त्याला आपल्या प्रतिनिधीपुढे, किंवा पराभूत उमेदवारापुढेही, 'हे तुमचेच वाक्य' म्हणून ठेवायला कागद नाही. प्रचारातल्या शब्दाला साक्षीदार नसला की तो शब्द देणाऱ्याला त्याची किंमतही मोजावी लागत नाही.

याच मतदारसंघाचा थोडा मागचा इतिहास पाहा. २००९ च्या पहिल्या निवडणुकीत मनसेचे रमेश वांजळे निवडून आले. जून २०११ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत भाजपचे भीमराव तापकीर विजयी झाले. २०१४, २०१९ आणि २०२४ मध्येही तेच निवडून आले. वांजळे यांच्या अंगावरचे सोने आजही लोकांच्या बोलण्यात येते. पण एका नव्या पक्षाचा उमेदवार पुण्याच्या वेशीवरच्या गावांत जाऊन कोणत्या भाषेत मते मागत होता, शेतजमिनीचे प्लॉट पडत असताना गावकऱ्याला काय सांगत होता आणि नव्याने राहायला आलेल्या सदनिकाधारकाला काय, हे आज लिहायचे तर हाताशी कोणता कागद आहे? एका मतदारसंघाचे हे झाले. राज्यात असे २८८ आहेत.

'साधनेच नसतात हो' असे येथे कोणी म्हणेल. हा गैरसमज आहे, आणि तो सोयीचा असल्यामुळे टिकून आहे. निवडणूक ही आपल्या सार्वजनिक जीवनातली बहुधा सर्वांत जास्त कागद निर्माण करणारी घटना आहे, आणि त्यांतले पुष्कळसे कागद पाहण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

उमेदवाराचे शपथपत्र घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे यांची माहिती नमुना क्रमांक २६ मध्ये देणे बंधनकारक झाले. एकाच उमेदवाराची पाठोपाठच्या तीन निवडणुकांतली शपथपत्रे शेजारी ठेवली तर जमिनीचे गट क्रमांक कसे वाढत गेले, व्यवसायाचा रकाना कसा बदलला, हे कोणत्याही सूत्राशिवाय कळते. 'शेती' हा शब्द किती निरनिराळ्या अर्थांनी वापरता येतो, याचा तर तो एक स्वतंत्र अभ्यासच होईल.

खर्चाचा हिशोब घ्या. निकालानंतर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराने तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. १९६१ च्या निवडणूक नियमांतला अठ्ठ्याऐंशीवा नियम सांगतो की एक रुपया भरून कोणीही माणूस तो हिशोब पाहू शकतो आणि ठरलेली फी भरून त्याची साक्षांकित प्रतही घेऊ शकतो. पत्रकार, संशोधक, मतदार अशी कोणतीही पात्रता त्यात नाही, केवळ 'कोणीही'. एका रुपयात मंडपाचे भाडे, वडापावची संख्या, ढोलपथकाचे बिल, छापखान्याचे नाव आणि पत्रकांच्या प्रतींचा आकडा समोर येतो. पत्रके कोठे छापली हे कळले की पत्रके शोधण्याची वाटही कळते. अर्थात हा हिशोब वाचायलाही शिकावे लागते. विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा २०२२ पासून चाळीस लाखांची आहे. तीत अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच खर्च धरला जातो आणि तारांकित प्रचारकांचा प्रवासखर्च वगळला जातो. म्हणजे अर्ज भरण्यापूर्वी सहा महिने गावभर लागलेल्या वाढदिवसाच्या फलकांना त्या हिशोबात स्थान नाही. कागद काय सांगतो याबरोबरच तो काय सांगू शकत नाही, हे ओळखणे ही साधनचिकित्सेची पहिली पायरी.

निकालाचा नमुना क्रमांक २० घ्या. मतदान केंद्रानुसार कोणाला किती मते पडली याचा तो तक्ता. 'धायरीने अमुकाला तारले' असे वाक्य लिहिण्यापूर्वी तो उघडला तर निम्मी वाक्ये लिहिलीच जाणार नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७ क. हे कलम १९६१ पासून कायद्यात आहे आणि मराठीच्या प्रत्येक विभागाने ते भिंतीवर लावावे अशा योग्यतेचे आहे. निवडणुकीचे कोणतेही पत्रक वा भित्तिपत्रक मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता घातल्याशिवाय छापता येत नाही. छापून घेणाऱ्याने आपल्या ओळखीचे, दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र मुद्रकाला द्यायचे आणि मुद्रकाने त्या घोषणापत्रासह छापील मजकुराची प्रत अधिकाऱ्याकडे पाठवायची: राजधानीत छापले असेल तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, अन्यत्र छापले असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सभेची तारीख-वेळ सांगणारी नुसती पत्रके तेवढी वगळली आहेत.

या तरतुदीचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. पुणे जिल्ह्यात छापलेल्या प्रत्येक प्रचारपत्रकाची एक प्रत, कर्ता आणि मुद्रक यांच्या नोंदीसह, जिल्हाधिकारी कार्यालयात गेली पाहिजे, असे कायदा साठाहून अधिक वर्षे सांगतो आहे. छत्तीस जिल्ह्यांचा हा संग्रह नीट राखला असता तर लोकशाहीतल्या मराठी गद्याचे एवढे मोठे दफ्तर दुसरे नसते. कायदा पाठवायला सांगतो. संग्रह म्हणून जतन करायला, सूची करायला आणि वाचकाला दाखवायला सांगत नाही. शिवाय ज्या वाचकाने ते मागायचे, तो कधी मागायलाच गेला नाही. ब्रिटिश सरकारने १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांच्या प्रती मागवल्या आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या केल्या, त्या प्रजेवर नजर ठेवण्यासाठी. पण त्या याद्यांनी एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रित वाङ्मयाच्या अभ्यासाला पाया दिला. परक्या सरकारच्या संशयामुळे आपले वाङ्मय नोंदले गेले आणि स्वतःच्या लोकशाहीत त्याच तऱ्हेचे कागद बेवारस पडतात, ही अवस्था शोभादायक नाही.

हे कागद हाताळायला कोणते कौशल्य लागते? २००९ च्या विधानसभा निवडणुकीचे उदाहरण सर्वांना ठाऊक असले तरी त्याचा एक धडा आपण घेतलेला नाही. पी. साईनाथ यांनी त्या वर्षी 'द हिंदू'मध्ये जे प्रकरण उघडकीस आणले त्याची सुरुवात कोणत्याही गुप्त सूत्रातून झालेली दिसत नाही. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा तोच मजकूर, शब्दाला शब्द, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. ती पाने शेजारी ठेवून वाचणे, एवढेच मूळ काम होते. मग दुसरा कागद आला: उमेदवाराचा खर्चाचा हिशोब. त्यात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता. एकीकडे पानेच्या पाने भरलेल्या पुरवण्या आणि दुसरीकडे हा आकडा; या दोन कागदांमधल्या अंतरातून 'पेड न्यूज' हा शब्द घरोघर पोचला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल तयार केला. तो संपूर्ण स्वरूपात लोकांसमोर येण्यासाठी मात्र २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला. पुढे निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये चव्हाण यांच्या हिशोबाविरुद्ध निष्कर्ष काढला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले, आणि तसेच ते सांगितले पाहिजे.

आपल्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे. दोन-तीन प्रती शेजारी ठेवून त्यांतील साम्य-भेद टिपणे, एक मजकूर दुसऱ्यावरून उतरला आहे की दोन्ही तिसऱ्यावरून हे ठरवणे, नाव छापलेला लेखक खरोखर लेखक आहे का याची शंका घेणे, याला आपल्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सा म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या, गाथेच्या प्रतींविषयी आपण ती शिकवतो. परीक्षेत 'पाठभेदाची कारणे सांगा' असा प्रश्न घालतो. मराठी दैनिकांतला, मराठी भाषेतला तो पाठ इंग्रजी वृत्तपत्रातल्या पत्रकाराने तपासला. राज्यात मराठी शिकवणारी एवढी महाविद्यालये, दर वर्षी बाहेर पडणारे एवढे पदवीधर, त्या पुरवण्या घरोघरच्या चहाच्या टेबलावर. आणि तरीही या कामाला साहित्याची माणसे पुढे आली नाहीत. याचे कारण बुद्धीची वाण हे नाही. 'तो आपला मजकूर नाही' ही समजूत, हे आहे.

ती समजूत किती उथळ आहे ते पाहू. 'निवडणुकीची पत्रके म्हणजे साहित्य नव्हे' हा पहिला आक्षेप. नसतील. बखर तरी कुठे साहित्य म्हणून लिहिली होती? महानुभावांनी आठवणी टिपल्या त्या स्वामींच्या वियोगाने, गद्याचा आरंभ करावा म्हणून नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातून आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला आणि १९५७ च्या निवडणुकीचा प्रचार अग्रलेख, पोवाडे, लावण्या, व्यंगचित्रे यांतून झाला. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे त्या प्रचाराचे कलावंत होते. आज आपण त्यांना वर्गात शिकवतो ते साहित्य म्हणून. पण ज्या शाहिराचे नाव झाले नाही, ज्याने एका तालुक्यापुरती पदे रचली, त्याचे चोपडे कोठे आहे? लालजी पेंडसे यांचे 'महाराष्ट्राचे महामंथन' आणि य. दि. फडके यांचे ग्रंथ नसते तर त्या काळाचा बराच भाग आपल्याला ऐकीव गोष्टींवर लिहावा लागला असता. शंकर गणेश दात्यांनी मराठी ग्रंथसूची केली तेव्हा कोणता ग्रंथ थोर आणि कोणता क्षुद्र हे ठरवत बसले नाहीत. सूचीकाराची नीती हीच: आधी नोंद, मग मूल्य.

भाषेच्या अंगाने पाहिले तर या साहित्याची गरज आणखी उघड आहे. जाहीरनामा हा शब्द सर्वांचा होता. मग शिवसेनेचा 'वचननामा' आला, भाजपचे 'संकल्पपत्र' आले, काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांचा २०१९ मध्ये 'शपथनामा' आला, महाविकास आघाडीचा २०२४ मध्ये 'महाराष्ट्रनामा' आला. एकाच वस्तूची ही नावे का बदलली? 'लाडकी बहीण' या दोन शब्दांनी नात्याचा शब्द योजनेच्या नावात कसा नेला, आणि पंधराशेचे एकवीसशे करण्याचे आश्वासन जाहीरनाम्यात कोणत्या वाक्यात होते आणि व्यासपीठावर कोणत्या? मराठी राज्याच्या निवडणुकीत 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा हिंदीतच का राहिली, तिचे मराठी कोणी केले, कोणत्या भागात केले? 'खोके' हा लाकडी पेटीचा शब्द २०२२ नंतर राजकीय शिवी कसा झाला? हे प्रश्न अर्थविचाराचे, शैलीविचाराचे, समाजभाषाविज्ञानाचे आहेत. त्यांची उत्तरे तारीख-वार नोंदलेल्या मजकुरातूनच मिळतील. स्मरणावर विसंबून नाही.

दुसरा आक्षेप असा की हे काम राज्यशास्त्राचे आहे. राज्यशास्त्राने आपले काम केले आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पुणे विद्यापीठात वि. म. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीत पुणे मतदारसंघाचा अभ्यास केला, तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला; १९६७ च्या निवडणुकीवरचे त्यांचे 'सॉव्हरिन्स विदाउट क्राउन्स' १९७३ चे. पुढे सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे यांनी मतदानोत्तर सर्वेक्षणांच्या आधारे महाराष्ट्राच्या राजकारणाचे विश्लेषण केले. पण सर्वेक्षण मतदाराला विचारते की तू कोणाला मत दिलेस आणि का. त्या मतदाराला कोणत्या शब्दांत साद घातली गेली, हे वाचणे सर्वेक्षणाचे काम नाही. तो वाटा भाषेच्या अभ्यासकाचा आहे, आणि तो रिकामा पडला आहे.

तिसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, म्हणून त्याला जास्त गंभीर उत्तर द्यावे लागेल. संस्थाचालक राजकारणात असतात. त्यांच्याच महाविद्यालयात त्यांच्याच प्रचाराचे कागद जमवायचे म्हणजे सुळावरची पोळी. भीती खोटी नाही. पण संग्रह ही टीका नव्हे. सर्व पक्षांचे, सर्व उमेदवारांचे, अपक्षांचेही, जे मिळेल ते तारखेसह जमा करणे, यात कोणाची बाजू घेतली जात नाही. उलट निःपक्षपाताचे इतके स्वच्छ काम दुसरे सापडणे कठीण. ग्रंथपाल ज्या निर्विकारपणे पुस्तकावर शिक्का मारतो त्या निर्विकारपणे पत्रकावर शिक्का मारता येतो. विश्लेषण पुढच्या पिढीने केले तरी चालेल. कागद मात्र याच पिढीने राखला पाहिजे.

कारण कागद राखण्याची जबाबदारी राज्यसंस्था स्वतःहून घेईल, ही आशा आता धरता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतील त्र्याण्णवाव्या नियमात दुरुस्ती झाली. 'निवडणुकीशी संबंधित इतर सर्व कागद' लोकांना पाहण्यास खुले, अशी जी तरतूद होती ती 'या नियमांत निर्दिष्ट केलेले कागद' एवढ्यापुरती आखडली. मे २०२५ च्या अखेरीस आयोगाने निवडणूक प्रक्रियेच्या चित्रीकरणाच्या जतनाची मुदत, निवडणूक याचिका नसल्यास, पंचेचाळीस दिवसांवर आणली. चित्रणाचा गैरवापर होतो, असे आयोगाचे कारण आहे. त्या कारणाची चर्चा करता येईल. पण वस्तुस्थिती अशी की राज्यसंस्थेकडचे दार अरुंद होत चालले आहे. प्रचारसभांचे चित्रीकरण करणारी पथके प्रत्येक मतदारसंघात असतात, म्हणजे सरकारी खर्चाने मराठी वक्तृत्वाचा संग्रह दर पाच वर्षांनी तयार होतो. तो हिशोब तपासण्यापुरता वापरला जातो आणि भाषेच्या अभ्यासकाला त्याचा पत्ता नसतो.

ज्यांचे जतन झाले ती बरीचशी भाषणे खटल्यामुळे राहिली. डिसेंबर १९८७ मधल्या विलेपार्ले पोटनिवडणुकीच्या प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेली भाषणे आज अभ्यासकांना उद्धृत करता येतात ती प्रामुख्याने डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द ठरवणाऱ्या निकालामुळे. ११ डिसेंबर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालात भाषणांतील उतारे आहेत, पण इंग्रजी अनुवादात. मराठीतल्या एका अत्यंत परिणामकारक वक्त्याची वाक्ये मराठी अभ्यासकाने इंग्रजीवरून ताडायची, याहून मोठी शोकांतिका आपल्या विषयाची कोणती? त्याही पूर्वी, १९२५ मध्ये, दिनकरराव जवळकरांची 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका पुण्याच्या सार्वजनिक वादातून निघाली. तिच्यावर खटला झाला, अपिलात डॉ. आंबेडकरांनी बचाव केला आणि आरोपी सुटले. पुस्तिकेची स्मृती टिकली त्यात त्या खटल्याचा वाटा मोठा आहे. ज्या पत्रकांवर खटले झाले नाहीत ती कोणाच्या लक्षात आहेत?

'आता सगळे ऑनलाइन असते' हा शेवटचा दिलासा, आणि सर्वांत फसवा. मेटा कंपनीचे जाहिरात-ग्रंथालय राजकीय जाहिराती सात वर्षे ठेवते, आणि ते अवश्य वापरावे. कोणत्या पानाने किती खर्च करून कोणता मजकूर कोणत्या राज्यात दाखवला ते त्यात दिसते. पण सात वर्षे म्हणजे विधानसभेच्या दीड मुदती. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या ध्वनिफितींना असे कोणतेही ग्रंथालय नाही. उमेदवारांची संकेतस्थळे निकालानंतर वर्षभरात मालक बदलतात किंवा मरतात. वाळवीला पोथी खायला दोनशे वर्षे लागत. येथे नूतनीकरणाची रक्कम न भरणे पुरते.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. राज्यातील प्रत्येक मराठी विभागाने आपले महाविद्यालय ज्या विधानसभा मतदारसंघात आहे त्या एकाच मतदारसंघाची जबाबदारी घ्यावी. विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीत वाटली जाणारी पत्रके, कार्यअहवाल, मतदारचिठ्ठीमागचा मजकूर जमवावा. प्रत्येकावर मिळाल्याची तारीख, जागा, मुद्रकाचे नाव लिहावे. फलकांची छायाचित्रे आणि गाण्यांच्या, भाषणांच्या ध्वनिफिती ठेवाव्यात. शपथपत्रे आणि नमुना २० उतरवून घ्यावे. महिन्याभराने एक रुपया घेऊन हिशोब पाहायला जावे आणि कलम १२७ क खाली आलेल्या प्रती पाहण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा. नकार आला तर तो नकारही तारखेसह जपावा, तोही एक साधनच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत, तेव्हा वेळ नाही ही सबब उरत नाही. जमलेल्याची सूची करून एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि दुसरी एखाद्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी. पुण्यात तरी अशा ग्रंथालयांची वाण नाही.

याने पत्रकारितेलाही शिस्त लागेल. आज उपयोजित मराठीच्या तासाला बातमीलेखन शिकवले जाते म्हणजे शीर्षक, आमुख आणि उलटा मनोरा शिकवला जातो. मनोऱ्याच्या तळाशी कोणता दगड आहे हे शिकवले जात नाही. ज्या विद्यार्थ्याने एकदा शंभर पत्रकांवर स्वतःच्या हाताने तारखा घातल्या आहेत, एकदा शपथपत्र आणि हिशोब ताडून पाहिला आहे, त्याची लेखणी उद्या वार्ताहर झाल्यावर 'सूत्रांनी सांगितले' लिहिताना क्षणभर तरी अडेल.

राजवाडे ज्या वाड्यांतून दफ्तरे शोधत हिंडले तेथे कागद निदान माळ्यावर होते. आपल्या काळाचे कागद माळ्यावर चढतच नाहीत. दारातून आत येतात आणि त्याच दारातून रद्दीच्या काट्यावर जातात. धायरीच्या पाण्याविषयी पुढच्या प्रचारात काय बोलले जाईल ते कोणाला ठाऊक नाही. जे बोलले जाईल ते कोणीतरी लिहून, तारीख घालून ठेवलेले असावे, एवढी मागणी एखाद्या भाषेच्या अभ्यासकांकडून करणे जास्त होणार नाही.